पंख्याखालची खाट नंबर सात

माझ्या हातची सुई माणसाला कळत नाही. ही बढाई वाटत असेल तर हिंगोलीपासून वसमतपर्यंत कुणालाही थांबवून विचारा. दंड पुसायचा, दोन शब्द बोलायचे, काम झालं. माझे पेशंट सुई झाल्यावरही बाही वर करून अर्धा अर्धा तास बसून राहायचे आणि मग विचारायचे, "बाई, कधी द्यायली सुई?" एका म्हातारीनं तर डॉक्टरांकडे माझी तक्रार केली होती. "ही बाई सुई नुसती कागदावर लिहिती आन औषध घरी नेती." तिला बिचारीला टोचलेलं कळलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम जरा जोरात टोचलं, तेव्हा कुठं तिचा सरकारवर विश्वास बसला.

"सुई कधी दिली, कळलंच न्हाई बाई." हे एक वाक्य मी एकतीस वर्षांत कमावलं. आणि त्याच्या जोडीला दुसरं, जे मी स्वतःच स्वतःबद्दल सगळ्यांना सांगत आले : कुसुम सिस्टरच्या नावावर एक चूक नाही.

या अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "तुमच्या सेवेचा प्रवास लिहा." प्रवास आमच्या यांनी केला, ते एसटीत कंडक्टर होते. मी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात, एकाच वॉर्डात, तीस खाटांच्या मधे एकतीस वर्षं उभी आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, ते का हे पुढं कळेल. मी लिहिणार आहे जळण्याबद्दल. मी कुणावर जळाले, किती जळाले, आणि त्या जळण्यात कुणाचा जीव जायची वेळ आली, तेवढंच.

वंदना राठोड. सेनगावकडच्या तांड्यावरची पोरगी, वय एकोणतीस. वजन चाळीस किलो, त्यातले पाच किलो केस. आमच्याकडे बदलून आली तेव्हा मी तिला पहिल्याच दिवशी म्हटलं, "वॉर्डात वारं आलं तर खाटेला धरून उभी राहत जा." ती हसली. तिथंच मी ओळखायला पाहिजे होतं की ही हसणारी जात अवघड.

दर शनिवारी दुपारी ड्युटी संपली की वंदना गच्चीवर जायची. पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोतं अंथरून, टाकीच्या नळाला मोबाईल टेकवून बसायची. आमच्याकडे रेंज फक्त तिथंच येते. मला वाटलं, पोरीचं कुणाशी तरी जुळलंय. मी चौकशी करायला म्हणून, म्हणजे पकडायलाच, जिना चढले. मोबाईलमध्ये एक गोरी बाई बोलत होती आणि वंदना वहीत भराभरा लिहून घेत होती.

"काय गं हे?"

"ताई, एम.एस्सी. करायले. नर्सिंग आणि आरोग्यसेवेची गुणवत्ता. परदेशातलं विद्यापीठ आहे, सगळं ऑनलाईन."

माझ्या पोटात अशी आग पडली की तिच्यावर सगळ्या वॉर्डाचा चहा झाला असता.

कारण मी पोस्ट बेसिक बी.एस्सी. केली ती पस्तिशीत, दोन लेकरं मांडीवर घेऊन. पुढचं शिकायचं मनात होतं, पण त्यासाठी मुंबई-पुण्याला जाऊन राहायचं म्हणजे घराला कुलूप. आणि ही पोरगी पोत्यावर बसून परदेशात शिकत होती! मग तर रोजच सुरू झालं. डॉक्टर राउंडला आले की विचारायचे, "वंदना सिस्टर, तुमच्या अभ्यासात याला काय म्हणतात?" वरून तपासणीला माणसं आली, ती माझ्या टेबलापाशी थांबलीच नाहीत, वंदनानं औषधांच्या वेळा लिहून लावलेल्या तक्त्यापाशी जाऊन उभी राहिली. माझ्याच वॉर्डात मला भिंतीवरच्या घड्याळाची किंमत आली. तीही सेल संपलेल्या.

महिनाभर जळले आणि मग तिच्याच अभ्यासाला मीही नाव घातलं.

आमचे हे जेवता जेवता थांबले. "काहून शिकून राहिलीस आता? दीड वर्षानं रिटायर होणार. शेवटच्या स्टॉपावर कुणी तिकीट काढतं का?"

"आन उतरताना तपासणीस भेटला तर?"

हे पुन्हा जेवायला लागले. एसटीच्या माणसाला तपासणीसाचं नाव काढलं की पुरतं. मला मात्र तेव्हा माहीत नव्हतं की मी स्वतःचंच भविष्य सांगून बसले.

आता गच्चीवर दोन पोती. वर्गात केरळची पोरं, आफ्रिकेतल्या बाया, एक फिलिपिन्सचा ब्रदर, आणि टाकीखाली आम्ही दोघी. मास्तरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची, मला सरळ "कुसुम" म्हणाली. माझं इंग्रजी म्हणजे आमच्या यांची जुनी गाडी. खडखडते, पण गावाला पोचते. पहिल्याच तासाला माझा माईक चालू राहिला. खाली अंगणात एक जण भिंतीवर पिचकारी मारत होता, त्याला मी गच्चीवरूनच झोडपलं. "अय, ती भिंत तुझ्या सासऱ्यानं बांधली का रे?" सात देशांतल्या नर्सांनी ते ऐकलं. एकीलाही मराठी येत नव्हतं, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. भिंत कुठल्याही देशातली असो, नर्सला तो आवाज कळतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, रुग्णालयाची गुणवत्ता म्हणजे चकचकीत फरशी आणि कुंड्या. मलाही तसंच वाटायचं. या अभ्यासात शिकवतात ते असं : ज्या माणसाला जे औषध ज्या वेळी द्यायचं, ते त्यालाच, तेच, त्याच वेळी मिळालं का? नसेल मिळालं, तर कुणाला रागवायचं हे नंतर, आधी ती चूक कुठल्या वाटेनं आत आली ते शोधा आणि ती वाट बंद करा. पहिला नियम, औषध देण्याआधी माणसाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावायचं. खाटेचा नंबर म्हणजे ओळख नाही.

मी मनातल्या मनात हसले. माझ्या वॉर्डात माणसाला नाव नव्हतंच. तीन नंबरचा दमा, नऊ नंबरचं पोट, सात नंबरची साखर. ड्युटी बदलताना आधीची सिस्टर पुढचीला सगळा वॉर्ड सोपवते, त्याला आम्ही "ओव्हर" म्हणतो. बाकीच्या ओव्हर घ्यायला वही घेऊन यायच्या. मी टेबलाशी बसून, डोळे मिटून, तीस खाटा नंबरवार म्हणून दाखवायची. लोक बघायला थांबायचे. एकदा एक पेशंट डिस्चार्ज घेऊन घरी गेला आणि आपल्याला काय झालं होतं ते विचारायला परत आला, ते मी त्याला डोळे मिटूनच सांगितलं.

वंदनानं मात्र नावं विचारायला सुरुवात केली. प्रत्येक गोळीला नाव. पेशंट वैतागायचे. "सकाळीच सांगितलं की वो बाई, मधी काय बारसं झालं का माझं?" मी टेबलावरून ऐकून गालात हसायची.

मग लिहून पाठवायचा एक अभ्यास आला. मास्तरीणबाईंनी सांगितलं, "तुमच्या स्वतःच्या कामातली एक चूक निवडा. ती कशी झाली आणि त्यानंतर काय बदललं, ते लिहा."

मी हात वर केला. "मॅडम, एकतीस वर्षांत माझी चूक नाही."

बाई म्हणाल्या, "मग ती अजून कुणी पाहिलेली नसेल."

वंदना खाली मान घालून हसली. नसेलही हसली. पण मला दिसली हसताना, आणि ते मी मनात ठेवलं. त्यानंतरचा आठवडाभर मी तिचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

धोंड्याचा महिना होता. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, त्याला नारायण मानून वाण द्यायचं, ही आपली रीत. पुसेगावचे दाजीबा आमच्याकडे सात नंबरला होते. वय साठीपार, साखरेचं दुखणं, पायाचं बोट चिघळलेलं, संध्याकाळी जेवणाआधी रोज इन्सुलिन. स्वतः दवाखान्यात पडलेले, पण नवा जावई पहिल्या धोंड्याला आल्यावर मागे हटतील तर ते दाजीबा कसले! घरी निरोप धाडला, "माझ्यासाठी थांबू नगा, जावायाला जेवू घाला." घरच्यांनी असा जेवू घातला की दुसऱ्या दिवशी जावई उलट्या-जुलाबानं आमच्याच वॉर्डात, चार नंबरला, सलाईन लावून.

त्याची बायको सोबत होती. लग्नाला चार महिने झालेली पोरगी. वंदनानं कागद भरताना विचारलं, "पेशंटचं नाव?"

पोरगी लाजून लाल. पदर तोंडाला. "हेच की."

"अगं, 'हेच' काय लिहू?"

"तुमीच इचारा त्यायला."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून बसली. त्याच्या अंगात बोलायची ताकद नव्हती. शेवटी सासऱ्यानं सात नंबरवरून ओरडून नाव सांगितलं. वॉर्ड हसला, मीही हसले, आणि ते नाव विसरून गेले. माझ्यासाठी तो चार नंबर होता.

त्या शनिवारी संध्याकाळची सिस्टर रजेवर होती, म्हणून मी थांबले. दुपारी दोनला वंदना मला ओव्हर द्यायला आली. हातात वही.

"ताई, सात नंबरला जरा—"

"सात नंबर मला पाठ आहे."

"तसं न्हाई ताई, तिथं—"

"वंदना, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या वॉर्डाचा ओव्हर घेते. तुझी गोरी बाई वाट पाहत असेल. जा."

ती वही टेबलावर ठेवून गेली. मी ती उघडली नाही. तिचं अक्षर सुंदर आहे, त्याचाही मला राग यायचा. त्या दिवशी माझाही तास होता, तो बुडणार होता, त्याचा वेगळा राग.

वहीत काय होतं ते आता सांगते. वॉर्डात एकच पंखा नीट फिरतो, सात नंबरच्या डोक्यावरचा. दाजीबांनी दुपारी जेवणानंतर जावयाला हाताला धरून सात नंबरवर आणून निजवलं होतं आणि स्वतः चार नंबरवर जाऊन पडले होते. वंदनानं हटकलं तर म्हणाले, "नारायण उकाड्यात आन म्या पंख्याखाली? धोंड्याच्या महिन्यात? लोक तोंडात शेण घालतील बाई माझ्या."

संध्याकाळी सहाला मी इन्सुलिन भरलं आणि सात नंबरला गेले. माणूस डोक्यावरून चादर घेऊन झोपलेला, एक दंड बाहेर. दंड तरुण होता. आता लिहिताना तो मला दिसतो. तेव्हा दिसला नाही. पुसला, सुई दिली. माझ्या हातची सुई. तो हललाही नाही. मी खूश होऊन पुढं गेले.

तासानंतर वरच अभ्यास लिहीत बसलेली वंदना अंधार पडताना खाली आली. घरी जाता जाता वॉर्डातून गेली आणि तिथूनच ओरडली, "ताई!"

जावई घामानं निथळत होता. हात थरथरत होते, बोलणं तोंडातल्या तोंडात घोळत होतं. त्याची बायको पायाशी उभी राहून नुसती "अवो, अवो" करत होती. वंदनानं बोट टोचून साखर बघितली आणि यंत्र माझ्यापुढं धरलं. साखर पार तळाला गेली होती. सकाळपासून पोटात काही न टिकलेला माणूस, आणि मी त्याला साखर उतरवायचं औषध दिलेलं. मी ग्लुकोज घेऊन धावले. सलाईनची सुई त्याच्या हातात होतीच, तिथून दिलं. डॉक्टर आले. हळूहळू त्यानं डोळे उघडले, बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "रडून काहून राहिली?"

डॉक्टरांनी विचारलं, "साखर एवढी कशी उतरली?"

मी म्हटलं, "पोट रिकामं, सर. उलट्या."

आणि तेवढ्यात चार नंबरवरून दाजीबा बोलले, "बाई, आज माझी सुई ऱ्हायली वाटतं."

डॉक्टर तोवर दुसऱ्या पेशंटकडे वळले होते. त्यांनी ऐकलं नाही. वंदनानं ऐकलं. तिनं दाजीबांकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ताई, सांगा सरांना. इन्सुलिनचा असर तासन् तास राहतो, साखर पुन्हा उतरेल. मी सांगितलं तर चुगली होईल. तुमी सांगितलं तर ओव्हर होईल."

"सांगते," मी म्हटलं.

सांगितलं नाही. रात्रीची सिस्टर येईपर्यंत आणि आल्यावरही त्याच्या उशाशी बसले, दर अर्ध्या तासानं बोट टोचत राहिले. डॉक्टर म्हणाले, "काय ही सेवा!" वंदनाही घरी गेली नाही. दाजीबांची साखर तिनं बघितली, डॉक्टरांना फोन करून त्यांची सुई दिली. "राहिली होती" एवढंच म्हणाली.

मग माझं तोंड सुटलं. दुसऱ्या दिवशी मी गोष्ट सांगितली तेव्हा जावई घामाघूम होता. तिसऱ्या दिवशी त्याची नाडी सापडत नव्हती. आठवड्याच्या शेवटी वसमतच्या चुलत्यांना निरोप गेले होते, बाया गळ्यात गळा घालून बसल्या होत्या, आणि मी एकटीनं त्याला यमाच्या रेड्यावरून शेपूट धरून ओढून आणलं होतं. डिस्चार्जच्या दिवशी दाजीबांनी माझ्या पायाला हात लावला आणि जावयाच्या घरची, वसमतकडची, पाच किलो हळद दिली. मी घेतली.

आणि तीच गोष्ट मी अभ्यासात लिहून पाठवली. 'वेळेवर सापडलेली उतरलेली साखर.' आठ पानं. तिकडे एक यंत्र असतं, दुसऱ्याचं उतरवलेलं पकडतं. माझं एक वाक्य पकडलं नाही. एवढं खोटं आधी कुणी लिहिलंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी पानं परत आली. गुण नाहीत, शेवटी एकच ओळ : "तुम्ही त्याला कसं वाचवलं ते कळलं. त्याची साखर का उतरली, ते या आठ पानांत कुठं आहे?"

मी वंदनावर धावून गेले. गच्चीवर, टाकीखाली. "तूच सांगितलंस ना तुझ्या गोऱ्या बाईला?"

"न्हाई ताई."

"मग तू काय लिहिलंस? दाखव."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. मी उभ्या उभ्या वाचलं. तीन पानं. वॉर्डातला एकच पंखा. धोंड्याचा महिना, जावयाचा मान. खाटेच्या नंबरावर चालणारा ओव्हर. माझं नाव कुठं नव्हतं, 'कुणी एक अनुभवी सिस्टर'सुद्धा नव्हती. लिहिलं होतं : 'खाट बदलल्याचं मला माहीत होतं. मी ते सांगायला सुरुवात केली, पण पुढची सिस्टर घाईत आहे असं वाटून अर्धवट सोडून निघून गेले. दोन्ही पेशंटच्या खाटेपाशी तिला नेलं नाही. एकाचं औषध दुसऱ्याला गेलं. ही माझी चूक.'

मी ते शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. तुम्हाला वाटेल, मला रडू आलं. नाही. खरं सांगते, मला राग आला. एकतीस वर्षांत माझ्या नावावर एक चूक होती. एक! आणि तीसुद्धा ही पोरगी घेऊन चालली होती.

"ही तुझी चूक न्हाई," मी म्हटलं.

"थोडी तर आहे."

"अजिबात न्हाई! तू सांगत होतीस, मी तुझं तोंड बंद केलं. काहून केलं माहीत आहे? तुझ्यावर जळत होते म्हणून. दोन वाजता, टेबलापाशी, फुकटची जळत होते. लिही ते!"

"ते तुमी लिहा ताई," वंदना म्हणाली. "मला जळण्यातलं काय कळतं?"

गोड बोलून कानाखाली मारणं याला म्हणतात. मी तशीच जिना उतरून डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. रेडा वगळून. डॉक्टरांनी टेबलावरचा कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "लेखी द्या, कुसुम सिस्टर. आणि त्या माणसाच्या घरी हे कुणीतरी सांगायला पाहिजे." लेखी दिलं. वरून लेखी समज आली, ती माझ्या सेवापुस्तकात लागली. एकतीस कोऱ्या वर्षांनंतर एक ओळ.

वॉर्डातला ओव्हर तेव्हापासून टेबलाशी होत नाही. जाणारी आणि येणारी, दोघी प्रत्येक खाटेपाशी जातात, माणसाचं नाव त्याच्याच तोंडून ऐकतात, मग वहीत दोघींची सही. माझे डोळे मिटून म्हणायचे प्रयोग बंद झाले. एक-दोघांनी विचारलंही, "आता न्हाई का ते?" जसा काही गावातला तमाशा बंद पडला.

अभ्यास मी पुन्हा लिहिला, खरा. दोघींचे गुण एकदमच आले. तिला माझ्यापेक्षा अकरा जास्त. माझी चूक, माझी समज, माझं सेवापुस्तक, आणि गुण तिला! मी विचारलं, "असं कसं?"

"ताई, तुमी अडीच पानं नुसत्या पंख्यावर लिहिलीत."

पंखा होताच तसा, त्याला मी काय करू?

हळदीचं राहिलं. डॉक्टरांना सांगितलं त्याच दिवशी पुसेगावला जायला पाहिजे होतं. मी आज-उद्या करत पंचमी आणली. पंचमीला दाजीबांची लेक माहेरी आली होती, जावई तिला न्यायला येणार असं कळलं, तेव्हा वंदना म्हणाली, "चला, मी येते." हळदीची पिशवी तशीच शिवलेली होती. घरात आणली त्या दिवसापासून मला ती फोडता आली नव्हती. यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा दुकानातून हळद आणली.

दाजीबांच्या ओसरीवर बसले. त्यांनी बाज झटकली, "या बाई, या, आमच्या जावायाला जीवदान देणाऱ्या," म्हणून चार घरची माणसं बोलावली. चार घरची माणसं! मी आयुष्यभर ज्या गर्दीची वाट पाहिली, ती त्या दिवशी समोर बसली होती आणि मला घाम फुटला होता. माझ्याकडे गोष्ट तयार होती, रेड्यासकट. वंदनानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती त्या पोरीशी बोलत होती, आणि ती पोरगी तिचा हात हातात घेऊन बसली होती. तिथंही मला जळायला झालं.

मी पिशवी पुढं सरकवली आणि म्हटलं, "दाजीबा, ही परत घ्या. जावायाची साखर उलट्यांनी उतरली नव्हती. तुमची सुई मी त्यांना दिली. खाट बघितली, माणूस बघितला नाही. वाचले ते वंदनानं बघितलं म्हणून. आणि हे मी त्या दिवशी सांगितलं नाही, आज सांगायले."

दाजीबा पिशवीकडे बघत म्हणाले, "म्हंजे... म्या त्यायला तिथं निजवलं म्हणून?"

"न्हाई. तुमी मान केला. चूक माझी."

जावई भला माणूस. वातावरण हलकं करायला हसला आणि दंड चोळत म्हणाला, "जाऊ द्या बाई. तुमी सुई कधी दिली, कळलंच न्हाई मला."

एकतीस वर्षं मी या वाक्यावर जगले. त्या दिवशी ते ऐकवेना.

त्याची बायको उठली. वंदनाचा हात तिनं सोडला. बापापुढं, नवऱ्यापुढं, चार घरच्या माणसांपुढं ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर तोंडाला नव्हता. मला वाटलं, आता शिव्या देईल. मी त्या ऐकून घ्यायला तयार होते.

"गजानन," ती म्हणाली. म्हाताऱ्या बायांनी माना वळवल्या. "गजानन नाव हाय यायचं, बाई. सात नंबर न्हाई."